शेवटचा रकाना

सौंदलगेकर डॉक्टरीणबाईंनी वही दिली,
दोनशे पानी, आत पट्टीनं रेघा मारलेली:
तारीख, वेळ, कुठली बाजू, काय खाल्लं, झोप किती,
आणि टोकाला एक रुंद रकाना,
मनात काय होतं.

मी विचारलं, म्हणजे मनाचे खेळ म्हणताय?
त्या म्हणाल्या, दुखणं खरंच आहे हो.
कुठल्या दारानं आत येतंय तेवढं बघूया.

वडगावात आमच्या गल्लीत अकरा घरी माग चालतात.
सकाळी सातपासून खटक् खटक्,
फळीवरच्या भांड्यांना, दातांना, समईला त्याची सवय.
त्या आवाजात मी कांड्या भरते, हिशेब लिहिते,
भिशीच्या बायकांशी ओरडून बोलते
आणि आपल्याला डोकं आहे हे आठवतही नाही.

ते येतं अमावास्येला.
त्या दिवशी माग बंद.
आधी डाव्या डोळ्यापुढं
इरकली पदराच्या तेनीसारखे दाते उभे राहतात,
चकाकणारे, सरकणारे,
कुणीच न विणलेलं कापड.
मग उजव्या कानशिलाच्या आत
एकच धोटा. जातो, येतो, जातो.

सासूबाई म्हणतात, अमावास्याच ती.
नीलव्वाच्या मते दृष्ट.
सुंठेचा लेप झाला. दिवस उगवायच्या आत
गच्चीवर पूर्वेला तोंड करून जिलबी खाऊन झाली,
आदल्या रात्रीची, गारढोण.
दीर म्हणतो, सीमाभागातलं डोकं ते, वैनी,
अर्धं इकडं, अर्धं तिकडं.
या विनोदाला मी तीन वर्षं हसतेय.

सात अमावास्या भरल्यावर बाई म्हणाल्या,
शांत झालं की येतंय तुमचं.
महिनाभर ताठ ठेवलेला ताणा एकदम सोडला तर काय होतं,
ते मी तुम्हाला काय सांगू?
गुंततो. मला ठाऊक आहे.
चतुर्दशीच्या रात्रीच मी खिडकीला चादर लावते,
बादली उशाशी आणते.
त्यांनी विचारलं, पाहुणा आधी येतो
की तुम्ही आधी अंथरूण घालता?

शेवटचा रकाना मी कोराच ठेवला होता.

नंदगडला आमची आई मागच्या खोलीत
कपाळाला धुडकं आवळून पडायची.
मी अकरा वर्षांची. मावशीकडची माणसं आली होती.
दारातूनच म्हणाले,
काय झालं नाही तिला, नाटक करालीय.
आत ऐकू गेलं.
ती उठली. चहा टाकला. सहा कप घेऊन आली,
एका बशीतही सांडला नव्हता.

हे कुठल्या तारखेला लिहायचं?

परवाच्या अमावास्येला अंधारात पडले होते.
अक्षता टाचा उचलून चालत होती.
घड्याळ तिनं गादीखाली दडपलेलं,
दाराच्या कडीला रुमाल गुंडाळलेला.
नऊ वर्षांची पोर.
संध्याकाळी जरा उतरल्यावर वही उघडली,
तर शेवटच्या रकान्यात पेन्सिलीनं कानडी अक्षरं.
तिच्या शाळेतली गोल अक्षरं मी बोट ठेवून वाचते, सावकाश.
माझ्या हातनं ताट पडलं.
मागचं पान उलटलं.
मी मोठ्यानं पाढे म्हटले.
त्याच्या मागचं.
मी सहलीला जायचा हट्ट केला.
सातही अमावास्या भरलेल्या.

खोडरबर शोधायला उठले. सापडला नाही.
फळीवरची मोठी परात काढली,
पोरीला समोर उभं केलं
आणि हात सोडून दिले.

परात फरशीवर गरगरत राहिली, बराच वेळ.
गल्लीत एकही माग चालू नव्हता.
भिंतीपलीकडनं नीलव्वा ओरडली, एनातऽ?
अक्षतानं झटकन कानांवर हात ठेवले,
माझ्या कानांवर.

दुखायचं तेवढंच दुखत होतं.
बघ, म्हटलं, तेवढंच.