चाव्यांची वही

मी काही शिकवत नव्हते.
स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला, बंदराच्या गावात,
शाळेच्या खिडकीपाशी माझं टेबल.
माझं काम चाव्यांचं.
कोणी नेली, किती वाजता, परत कधी.
एकोणीस वर्षं, निळी शाई, आखीव वही.

सराव-खोली तीन. स्ट्रॅकन सर. व्हायोलिन.
शुक्रवार, चार वाजता. परत : सहा चाळीस.
पुढचा शुक्रवार. परत : सहा पन्नास.
शिकवणी अर्ध्या तासाची असते.

टॉर्क्विल जिने पुसता पुसता म्हणाला,
"तीनच्या दाराला जी काच आहे ना,
तिच्यावर आतून पोस्टर लावलंय. नाताळच्या मैफलीचं.
मार्च संपत आला, इशबेल."
आणि कोरडं फडकं त्याने पुन्हा पिळलं.

रुअरी अकरा वर्षांचा, ट्रॉलरवरच्या माणसाचा मुलगा.
दर शुक्रवारी साडेतीनला माझ्या खिडकीशी यायचा.
पोटात दुखतंय म्हणायचा.
मी पुदिन्याची गोळी द्यायचे.
तीन शुक्रवार दिली.
हे मी कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही.

पहिल्या पत्राला उत्तर आलं : नोंद घेतली आहे.
नोंद!
मला सांगताय, नोंद काय असते ते?

दुसऱ्या पत्रानंतर मुख्याध्यापकांनी आत बोलावलं,
स्वतः चहा केला, दार लोटून घेतलं.
"एका शब्दाने माणूस आयुष्यातून उठतो, इशबेल," म्हणाले.
कोणता माणूस, हे माझं विचारायचं राहिलं.
ते समुद्राकडे बघत होते
आणि माझ्या कपात दोन चमचे साखर होती,
जी मी कधीच घेत नाही.

सोमवारी चाव्या गेल्या, कार्डं आली.
मला तळघरात जुनी पुस्तकं मोजायला पाठवलं.
वर बिस्किटांचा डबा
माझ्यापर्यंत येईतो रिकामा होऊ लागला.
जिच्या बाळंतपणात मी रात्री जागवल्या ती शीना म्हणाली,
"सांगायचंच होतं तर जरा हळू सांगायचंस."

हाताची घडी, तोंडावर बोट.
मुलांना हे रोज सांगावं लागतं.
मोठ्यांना एकदाही सांगावं लागलं नाही.

तिसरं पत्र मी एडिनबरोला पाठवलं,
वहीच्या चौतीस पानांच्या प्रती जोडून,
बसने दुसऱ्या गावी जाऊन, तिथल्या पोस्टातून.
आपल्याच गावात तिकीट चिकटवायची भीती वाटावी!
दोघं आले, राखी कोट घातलेले.
मुलांच्या सुरक्षेचं धोरण कुठे आहे, विचारलं.
होतं ना. भिंतीवर, चौकटीत, काचेखाली.
खाली सगळ्यांच्या सह्या.
चौथी माझी.

जूनमध्ये स्ट्रॅकन गेला, प्रकृतीच्या कारणास्तव.
त्याला घड्याळ दिलं. टाळ्या झाल्या.
मी तळघरात होते, टाळ्या छतातून ऐकू आल्या,
पाऊस म्हणावा तर बाहेर ऊन होतं.
चौकशी अजून चालू आहे, असं कळवतात.

रुअरीची आई मला पाहून रस्ता ओलांडते.
तिचं चुकतं असं नाही.
मला ठाऊक होतं, आणि तिला ते मागाहून कळलं.
व्हायोलिन त्यांनी विकलं नाही, म्हणे.
माळ्यावर टाकलंय, पेटीत, तारा सैल करून.

गेल्या आठवड्यात टॉर्क्विलने एक चिठ्ठी आणून दिली.
दक्षिणेतल्या कुठल्याशा शाळेचं नाव,
संगीताचे नवे शिक्षक, सप्टेंबरपासून.
मी फोन लावला.
पलीकडे कुणी बाई. कार्यालयातली, माझ्यासारखीच असावी,
मागे प्रिंटरचा आवाज, कुणाचं तरी हसू.
मी माझं नाव सांगितलं. मग त्याचं.
ती बराच वेळ गप्प होती.
मला वाटलं, आता ठेवते.

"थांबा," ती म्हणाली, "पेन घेते."

शुक्रवारपासून सुरू करते, मी म्हटलं.