काटेवाला

नाव ठाऊक नाही. सुरुवातीच्या पाट्या
रिळातून कधीच झिजून गेल्या होत्या.
जोमा तांडेल भाड्याचा प्रोजेक्टर घेऊन
तुर्भ्याच्या खदाणीत आला, तो पगाराचा शनिवार.
क्रशर बंद. डंपरच्या फाळक्याला
ताणून बांधलेली चादर,
तिच्यावर दिवसभराची खडीची भुकटी.

एकदम घोडा. मग उघडा डोंगर,
आमच्यासारखाच, अर्धा खाल्लेला.
यल्लप्पा सुरुंगवाला मागून ओरडला,
‘मऊ दगड हाय त्यो, दोन भोकांत खाली येतंय!’
आणि पुढची पाच मिनिटं कुणी
नायकाकडे पाहिलंच नाही.

नायक तसा बेताचाच. टोपी मोठी, नेम वाईट.
इंग्रजी कुणाला कळेना.
तो बाईजवळ जाऊन काही पुटपुटला, तेव्हा
हणमंताची बायको म्हणाली, उसने मागतोय.

चौथ्या रिळात एक खोपटं आलं,
खाणीच्या तोंडाशी. आत एक माणूस,
पुढ्यात वही, बाजूला वजनकाटा.
मी पुढे सरकून बसलो.
मालकाचा माणूस येतो, वहीवर नाणं ठेवतो.
काटेवाला नाण्याकडे बघतो, काट्याकडे बघतो,
पेन्सिल कानामागे खोचतो
आणि खिडकी लावून घेतो.
बस्. पुन्हा दिसत नाही.
पुढे नायक बरंच काही करतो,
लोक शिट्ट्या मारतात.

मीही काट्यावरच होतो. सहा वर्षं.
चोवीस टनांचे अठरा लिहायचो,
पावतीबुकाखाली चहाचे पैसे सापडायचे.
सोमवारी पहिला डंपर चढला, तेव्हा
पेन्सिल कानामागे खोचून पाहिली.
घामानं घसरली.
वाकून उचलली
आणि अठराच लिहिले.

आता खदाणीत हिरवं पाणी साचलंय.
मुलगा कोपरखैरण्याहून रविवारी येतो,
म्हणतो, बाबा, काहीतरी खूण सांगा, शोधून देतो.
मी सांगतो, एक माणूस खिडकी लावतो.
एवढ्यावर नाही सापडत, म्हणतो तो,
आणि फोन खिशात ठेवतो.

शेवटी कोण मेलं, आठवत नाही.
बाई कुणाबरोबर गेली, तेही नाही.
त्या खिडकीला कडी नव्हती, हे आठवतं.
फटीतून चार बोटं दिसत होती.
आतून धरून ठेवली होती त्यानं.