टोला

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा.
शकुंतला गाडीच्या वाटेवरून कोणी, कधी आणला
ते विचारायचं नसतं.
लिंबाच्या फांदीला तारेनं बांधलेला,
आवाज अडाण नदीच्या पल्याड जातो,
गुराखी त्यावर शिदोरी सोडतात.

सुगत तिसरीत आला
आणि पहिल्याच टोल्याला बाकाखाली गेला.
कानांवर तळवे, कोपरं गुडघ्यांत,
तोंडातून एक सलग बारीक सूर,
मोटर कोरडी चालावी तसा.
पोट्टे हसले.
मी म्हणालो, ऊठ.
दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा दंडाला धरून ओढलं.
हे आधीच लिहून ठेवतो,
कारण पुढच्या गोष्टीत मी बरा माणूस वाटेन.

घरच्यांनी उतारा करून पाहिला होता.
आजा म्हणाला, "दोन ठेवून द्या गुरजी, सुधरते."
तालुक्याहून आलेल्या तक्त्यात एकवीस रकाने,
मी पेन्सिल घेऊन बसलो संध्याकाळभर,
तो एकातही नीट मावेना.
बाकाखालीही मावत नव्हता तसा,
पाय बाहेर यायचे.

तिखे सर महिन्यातून दोन मंगळवार येतात.
त्यांच्या वाट्याला बावीस शाळा आणि एक जुनी लुना.
पहिल्या दिवशी त्यांनी काहीच शिकवलं नाही,
चप्पल काढली, बाकाखाली जाऊन बसले
पाऊण तास, त्याच्याशी न बोलता.
बाहेर आले तेव्हा केसांत कोळ्याचं जाळं.
म्हणाले, "खालून वर्ग लय मोठा दिसते हो."

पण ओळखलं ते पंचफुलामावशीनं,
तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता.
"आवाजाले नाही भेत तो.
माह्या कुकरच्या शिट्टीले कुठी भेते?
मी सांगतो ना त्याले, आता होईन बरं बापू, कान धर.
तुमी सांगता काय?"

मी सांगत नव्हतो.
सव्वीस वर्षं मी टोले दिले
आणि मला वाटत राहिलं
की वेळ सगळ्यांनाच आतून कळत असेल.

मग फळ्याच्या कोपऱ्यात पाच रेघा.
मिनिटाला एक पुसायची, पाचवी पुसली की टोला.
पुसायचं काम सुगतचं.
पहिले काही दिवस तो रेघेसोबत
अर्धा फळाही पुसून टाकायचा, गणितासकट.
कान अजूनही झाकतो.
पण बाकावर बसून.

एकदा सुट्टीत आचल मागे रेंगाळली.
वहीचा कोपरा दुमडत, उलगडत म्हणाली,
"गुरजी, आमच्या घरी भांडण लागाच्या आधी
अशा रेघा काढता येते काय?"

खडू माझ्या हातात होता.
मी काहीच काढलं नाही.
त्या दिवसापासून ती थोडी लवकर येते,
मावशीजवळ बसून लसूण सोलते,
कधी बोलते, कधी नुसताच लसूण.
तक्त्यात तिच्यासाठी रकाना नाही.

पौषातल्या एका सकाळी साहेब आले, न कळवता.
हेडमास्तर गडबडले, धावत गेले लिंबाकडे
आणि दिला टोला. वेळ नसलेला.
फळ्यावर पाचही रेघा तशाच.

सुगत खाली गेला.
मी वळलो तर आचलही नव्हती जागेवर.
बाकाखालून चार पाय बाहेर,
दोन अनवाणी, दोन पिवळ्या स्लीपरचे,
आणि हळू आवाजात मोजणं चाललेलं,
पाच, चार, मग पुन्हा पाच,
कारण चारनंतर तो अडला होता.
वर्गात कोणी हसलं नाही.

साहेब उंबरठ्याशी. हातात वही.
"ही मुलं खाली काय करताहेत?"

मला नियम सांगता आला असता, परिपत्रकाचा क्रमांकही.
मी म्हणालो, "थोडं बाहेर थांबता काय साहेब,
पाच रेघा फक्त.
आमच्या वर्गात सांगून याचं असते."

ते थांबले की रागावले, मी पाहिलं नाही.
मी पहिली रेघ पुसत होतो.