तुलनेसाठी

डरहॅमच्या दक्षिणेला, पाइनच्या झाडीमागे,
खिडक्या नसलेली एक इमारत आहे.
लुएला पेटीफोर्ड तिथे सकाळी सहाला पोचते,
कागदी टोपी घालते, निळे हातमोजे,
आणि उंदीर एकेक करून नळीत सरकवते.

नळी पारदर्शक. उंदराच्या मापाची.
पुढे निमुळती होत जाते, इतकी
की नाक तेवढं बाहेर उरतं.
मागून बूच.
पहिला आठवडा धूर देत नाहीत,
नुसतं बसायला शिकवतात.
वहीत ह्याला ‘सवय लावणे’ म्हणतात.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा लुएला हसली होती.
तिलाही लावलीच की कुणीतरी,
सोळाव्या वर्षी, चर्चमागच्या पार्किंगमध्ये.
पण तिथून घरी जायची वाट होती,
आणि ती गेली नव्हती, हेही खरं.

मग यंत्र झुरका घेतं.
मिनिटाला एक, दोन सेकंदांचा.
ना काळजी, ना भांडण, ना जेवणानंतरची सुस्ती,
कारणाशिवाय ओढणारं ते एकटंच असेल ह्या गावात.

उंदराला तोंडाने श्वास घेता येत नाही.
हे तिला नोकरी लागल्यावर कळलं.

दिवसाला सहा तास. आठवड्याचे पाच दिवस.
शनिवार-रविवार सुट्टी असते, उंदरांनाही.

तिची आई अर्लीन गोदामात
पानांच्या शिरा काढायची, बत्तीस वर्षं.
शेवटची चार वर्षं ऑक्सिजनचा सिलिंडर
हट्टी शेळीसारखा मागे ओढत
स्वयंपाकघर ते अंगण, अंगण ते स्वयंपाकघर.
कोर्टात कंपनीचा वकील फार मऊ आवाजात म्हणाला होता,
‘उंदराला गाठ आली म्हणून माणसाला येते असं नाही, मॅडम.
उंदीर म्हणजे माणूस नव्हे.’
आता नवं पाकीट यायचंय, मधाच्या चवीचं,
त्यावर ‘कमी अपायकारक’ छापायचंय,
त्यासाठी उंदीर अगदी माणसासारखा हवाय.
लुएलाला एवढंच कळत नाही
की उंदीर कोणत्या वारी माणूस असतो
आणि कोणत्या वारी नसतो.

तिच्या भावाला इन्सुलिन लागतं.
त्या औषधापायी जे प्राणी गेले
त्यांच्यापुढे ती मान खाली घालते, आणि घेते.
त्या हिशेबात तिला झोप लागते, कशीबशी.
पण हे?
जे न ओढल्याने आजवर कुणी मेलं नाही,
त्याची चव सुधारायला?
नवरा म्हणतो, तू सोडलंस तर दुसरी कुणी येईल,
तिचे हात तुझ्याइतके हलके नसतील.
हेही खरं. मुलीच्या दातांच्या तारांचे हप्ते, तेही खरं.

गट तीन असतात.
जास्त धूर, कमी धूर,
आणि तिसऱ्याला नुसती गाळलेली हवा.
तीच नळी, तेच बूच, तेच सहा तास,
पण हवा डोंगरमाथ्यावरही मिळणार नाही इतकी स्वच्छ.
तिसऱ्यातला सतरा नंबर, उजवा कान जरा दुमडलेला,
बूच काढलं की तिच्या अंगठ्यावर
दोन्ही पुढचे पाय ठेवून थांबायचा.
ती कुणाला सांगत नाही, पण त्याला शेवटी काढायची,
म्हणजे घाई नको.

नव्वदाव्या दिवशी सगळ्यांना बाहेर काढतात.
तिन्ही गटांना.
सतराची फुफ्फुसं बशीत ठेवली तेव्हा
गुलाबी होती, एक ठिपका नाही.
डॉक्टर म्हणाले, सुंदर, ह्याचा फोटो घ्या.
त्याने कधीच काही ओढलं नव्हतं.
वहीत मृत्यूच्या कारणाचा रकाना आहे.
तिथे लुएलाने नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं,
नियोजित.

दुपारी ती मागच्या दारी आली,
एप्रनच्या खिशातून पाकीट काढलं, एक पेटवली.
वारा इमारतीच्या जाळीकडे वाहत होता,
जिथून आतल्या खोल्यांना हवा जाते.
ती चार पावलं सरकून पलीकडे उभी राहिली.
आत आता कुणीच नव्हतं.
तरी.