दवाखान्याच्या चपला

दवाखान्याच्या चपला मी दवाखान्यातच ठेवते.
निळ्या, रबरी, डावीचा अंगठा शिवलेला.
घरी जायला दुसऱ्या.
आत्रामभाऊ हसतो, मॅडम, तुमाले पाय दोन का चार?

बारा वर्षांचा झनक मडावी
सिकलसेलच्या कळांनी रात्रभर
माझं मनगट धरून होता.
गडचिरोलीची गाडी वाटेत होती.
मी सलाईनचे थेंब मोजले,
त्याच्या आईला समजेल असं बोलले,
पहाटे वेळ लिहिली, चार वाजून दहा.
अक्षर नेहमीसारखंच आलं.

त्याचंच पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

मोहफुलं सरली, तेंदूपत्त्याचे फड लागले,
तेव्हा यमुना मडावी आली, चक्कर येते म्हणत.
बीपी घेताना म्हणाली,
"त्या राती तुमी रडल्या नाय."
पट्ट्यातली हवा सोडायची मी विसरले.
"तुमीबी रडल्या असत्या, त मी कोनाच्या तोंडाकडे पायलं असतं?
सारेच रडत होते न, बाई."

मग पदराची गाठ सोडून
मूठभर चारं टेबलावर ठेवली,
रजिस्टरपासून जरा लांब,
डाग पडू नये म्हणून.

गोळ्या लिहिल्या. मीठ कमी करा म्हटलं.
महिन्यानं या.

संध्याकाळी क्वार्टरच्या फाटकाशी आल्यावर दिसलं,
पायांत निळ्याच.
मागे वळावं का, म्हणून थांबले थोडी.
तोंडात चाराची बी होती, कधीची,
चावली नव्हती
आणि थुंकलीही नव्हती.