फुली

शुक्रवारी साडेचारला टोरॉल्फ कचेरीतून सुटतो तेव्हा
बटाटे, शेपू, रॉकेलचा डबा
होडीत चढलेले असतात.
दोन रात्री. तेवढ्याच आपल्या.
रविवारी संध्याकाळी परत तुर्कूचा धक्का,
सोमवारी त्याच्या टेबलावर विम्याचे कागद.

इथल्या समुद्राला भरती नाही, ओहोटी नाही.
मीठसुद्धा आजाऱ्याच्या पेजेत घालावं इतपत.
बेटं मात्र अशी, की मोजायला बसलेला माणूस
म्हातारा होऊनच उठेल.
त्यातलं एक शोधायचं, रात्रीपुरतं.

नकाशा सासऱ्यांचा.
घड्यांवर विरलेला, पाठीमागून चिकटपट्टी,
आणि शिसपेनीनं लिहिलेले बिर्गर यांचे सगळे उन्हाळे:
‘चिखल. नांगर धरतो.’
‘नैर्ऋत्येचा वारा असेल तर इकडे फिरकू नये.’
‘ऑगस्टात ब्लूबेरी, उत्तरेच्या उतारावर.’
‘इंगाचं घड्याळ इथे पडलं. साडेतीन वाव.’

वाव म्हणजे किती, ते हात पसरून दाखवायचे:
एवढी एक.
पाणी मोजायचं वावेनं,
आणि नांगरालाही द्यायचा वाव.
दोर आखडता घेतलात
तर तो तळ नुसता ओरबाडत जातो, धरत नाही.
आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी
हे ते टोरॉल्फला फार वेळा सांगत.
नांगराबद्दलच बोलत असावेत.

त्या नकाशावर एकच फुली.
कागद फाटेल इतकी दाबून काढलेली,
शेजारी एक शब्द: ‘वाईट.’
सतरा वर्षं आम्ही तिला वळसा घातला.

मग जूनमधला एक शनिवार.
आमच्या नेहमीच्या खाडीत अकरा होड्या,
कुणाचा तरी जनरेटर, कुणाचा कुत्रा,
एक माणूस उघड्या अंगानं अकॉर्डियन छळत होता.
वारा पडलेला. इंजिन खोकत होतं.
तेरा वर्षांच्या इल्वानं फुलीवर बोट ठेवलं:
‘आजोबांनी इथे आधी काहीतरी खोडलंय.’

नकाशा उजेडाकडे धरला.
फुलीखाली पुसलेले आकडे, अगदी फिकट.
दीड. दोन. दोन.
आणि एक छोटंसं वर्तुळ.

दोन खडकांमधून, चालण्याच्या वेगानं.
इल्वा नाळेवर पालथी, पाण्यात डोळे घालून,
टोरॉल्फच्या हातात शिशाचा गोळा बांधलेली दोरी,
सुकाणूवर मी, आणि माझ्या तोंडाला कोरड.
दीड. दोन. दोन.

आत घोड्याच्या नालासारखं पाणी.
तिन्ही बाजूंनी गुलाबी कातळ, अजून उन्हानं कोमट.
नांगर पहिल्याच फेकीत बसला.
आणि कातळात एक लोखंडी कडी,
शिसं ओतून पक्की केलेली,
आतली बाजू दोरानं झिजून चकचकीत.

कुणी काही बोललं नाही.
चुलीचे तीन दगड होते, काळे.
जुनिपरच्या मुळाशी कान तुटलेला एक मग
उपडा घातलेला,
पावसाचं पाणी साचू नये म्हणून.
टोरॉल्फनं तो धुतला, दोनदा,
कॉफी ओतली, आधी आपण प्यायला,
मग माझ्याकडे दिला.
रात्र काही झालीच नाही.
अकरा वाजता कुररी पक्षी अजून मासे पकडत होते,
एक वाजता मी उठून पाहिलं:
होडी होती तिथेच,
जणू कुणी तिला मांडीवर घेतलं होतं.

रविवारी धक्क्यावर राग्नवाल्ड
दोर झेलत म्हणाला, ‘काय, कुठे होतात?’
मी टोरॉल्फकडे पाहिलं. तो गाठीकडे.
तेवढ्यात इल्वा, पिशवी खांद्याला लावत:
‘विचारू नका. वाईट जागा.
रात्रभर नांगर घसरत होता.’

राग्नवाल्डनं हळहळून मान हलवली.
मग आपल्या होडीकडे वळला.
उन्हानं रापलेला, ताजा, भरपूर झोपलेला.
तो कुठून आला,
ते त्यानंही सांगितलं नाही.