उगोची बंदूक

उगो गावस बंदूक घेऊन आला
तेव्हा मी पालखीच्या मोराला निळा देत होतो.
गोणपाटात गुंडाळलेली, एकनळी.
परवाना आज्याच्या नावावरून बापाच्या, बापाच्या नावावरून त्याच्या:
रानडुकरं, माकडं, शेतीची राखण.
बिबट्याचं नाव त्या कागदावर कुठंच नव्हतं.
"दोन कुत्रे गेले," तो म्हणाला, "आणि परवा पाडी.
नळी चकाकते मरे चांदण्यात. झाडासारखी कर तिला."

मी चितारी. देवळाचे खांब रंगवले,
रणमाल्यातल्या राक्षसांचे ओठ, लग्नाचे पाट,
वाळपईच्या एका मिनीबसवर 'श्री सातेरी प्रसन्न'.
लपायला रंग कधी कुणी मागितला नव्हता.

आधी कुळागरात जाऊन बसलो.
दुपारी चारचं ऊन पोफळीवरून कसं उतरतं ते बघत.
हिरवा अगदी थोडा लागला.
लागला तो करडा, ओल्या सालीचा काळा,
आणि केळीच्या वाळल्या पानाचा एक रंग, ज्याला नाव नाही;
माझा बाप त्याला 'कालचा' म्हणायचा.
दस्त्यावर मिरीचा वेल चढवला,
नळीवर दगडफुलाचे डाग.

"चालेल?"
म्हटलं, त्याला रंग किती कळतो मला ठाऊक नाही.
पापणी कळते तुझी. खोकला कळतो. विडी कळते.
डाव्या पायावरचा भार उजव्यावर टाकतोस, ते कळतं.
बंदूक रंगवली, हातांचं काय करशील?
"चिखल फाशीन," म्हणाला, आणि हसला.

पाच रात्री माळ्यावर फुकट गेल्या.
एकदा मोबाइल वाजला, बायकोचा: गॅस संपला म्हणून.
सहाव्या रात्रीचं उगोनं सांगितलं ते असं:
"आवाज काही नाही. पाचोळ्यातली एक जागा
जरा जास्त जागी झाली, एवढंच.
मग कळलं, हा केव्हाचा बघतोय.
बंदुकीकडं ढुंकून नाही रे. माझ्याकडं."
त्यानं बंदूक बाजूला ठेवली. का, ते त्यालाही सांगता येईना.
ठेवली ती निसटली, खाली पडली,
आणि तो उठून गेला, जेवण झालेल्या माणसासारखा.

सकाळी बंदूक सापडेना.
त्याच्याच कुळागरात, त्याच्याच माळ्याखाली.
वर निवडणूक लागलेली,
शुक्रवारपर्यंत साऱ्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या.
हवालदाराला काय सांगणार,
बंदूक आहे साहेब, पण दिसत नाही?
मेहुणा आला, पोरं आली, दाताळी आली.
मलाही बोलावलं; साट्र्यात चूक चिताऱ्याचीच ठरली होती.

दोन दिवस.
तीनदा तिच्यावरून गेलो असेन.
शेवटी माझ्याच टाचेला लागली, थंड, लोखंडाची.
खोटं कशाला बोलू,
सगळे शिव्या देत होते आणि मला आनंद झाला.

ठाण्यात काळ्या नळ्यांच्या रांगेत ती
कुणी वाटेत विसरलेल्या फांदीसारखी.
वहीत 'वर्णन' असा रकाना.
हवालदारानं 'हिरवी' लिहिलं, खोडलं,
'तपकिरी' लिहिलं, खोडलं,
माझ्याकडं बघून विचारलं, "कसला हा रंग?"
"कालचा," मी म्हटलं.
त्यानं नुसता नंबर लिहिला.

वाड्याच्या शेवटी वाघ्रो आहे, गुडघाभर उंचीचा दगड.
त्याचे डोळे दरवर्षी मीच नवे करतो,
आधी पांढरा, सुकू द्यायचा, मग काळा ठिपका.
यंदा ठिपका देताना हात थोडा हलला.
पुसला नाही मी. तसाच आहे, किंचित डावीकडं बघणारा,
उगोच्या घराकडं.

निकाल लागून महिना झाला,
बंदूक अजून ठाण्यातच. उगो आणायला जात नाही.
गोठ्याला फणसाचं दार बसवलंय त्यानं, जाड, आतून अडसर.
रंगवायला ये म्हणतो.
कुठला देऊ विचारलं, तर म्हणे,
लांबून दिसेल असा.
तांबडा काढून ठेवलाय.
मागचे पैसे अजून यायचेत.